तारुण्यपीटिका : एका नांवाचा आणि अनेक उपायांचा इतिहास

चेहऱ्यावर उठणाऱ्या ज्या पुळ्यांना आपण 'तारुण्यपीटिका' म्हणतों, त्यांच्या नांवांतच एक गैरसमज दडलेला आहे. नांव ऐकतांच वाटतें, कीं हा विकार सोळाव्या वर्षीं यावा आणि विसाव्या-बाविसाव्या वर्षीं आपोआप निघून जावा. मग पस्तिशींतल्या एखाद्या शिक्षिकेच्या हनुवटीवर, किंवा चाळिशी गांठलेल्या एखाद्या गृहिणीच्या जबड्याच्या कडेला त्याच पुळ्या महिन्यामागून महिना उठत राहिल्या, म्हणजे ती गोंधळून जाते. डॉक्टरांकडे जावें, तर या वयांत असल्या क्षुल्लक गोष्टीसाठीं कसें जावें ही लाज. न जावें, तर आरसा स्वस्थ बसूं देत नाहीं. अशा वेळीं जें हातीं लागेल तें चेहऱ्याला लावून पाहण्याकडे मनाची धांव असते. या विकाराचा, आणि त्याहूनहि त्याच्यावर झालेल्या उपायांचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. कारण हा इतिहास नीट ऐकला, तर आपल्या आरशाखालच्या फळीवर काय ठेवावें आणि काय ठेवूं नये, याचें बरेंचसें उत्तर त्यांतच मिळतें.

प्रथम नांवाकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत 'क्षुद्ररोग' या सदराखालीं लहानसहान विकारांचें एक प्रकरण आहे. त्यांत तरुणांच्या मुखावर येणाऱ्या, सांवरीच्या काट्यांसारख्या पुळ्यांचें वर्णन आढळतें. ज्यानें काटेसांवरीचें खोड पाहिलें आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हें निराळें सांगावयास नको. कफ, वायु आणि रक्त यांच्या दुष्टीनें त्या होतात असें ग्रंथकाराचें मत, आणि मुखाची शोभा बिघडवितात म्हणून त्यांना 'मुखदूषिका' हें नांव. चिकित्सास्थानांत त्यांवर वांती करविण्यास सांगितलें असून वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा, किंवा धणे, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ यांचा लेप दिला आहे. 'यौवन' हा शब्द या विकाराला तेव्हांपासून चिकटला तो आजतागायत.

पश्चिमेकडेहि असेंच घडलें. तिकडील वैद्यकांत या विकाराला 'ॲक्ने' म्हणतात. सहाव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपल येथें एटिअस नांवाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथांत हा शब्द सांपडतो. पुष्कळ विद्वानांच्या मतें मूळ ग्रीक शब्द 'आक्मे' असावा. त्याचा अर्थ शिखर किंवा बहर. म्हणजे आयुष्याच्या बहरांत येणारी पुळी. पोथी नकलून घेतांना कोणा लेखनिकाच्या हातून 'म' चा 'न' झाला आणि ती चूकच रूढ झाली. अक्षराच्या चुकीनें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु हा केवळ कोंवळ्या वयाचा विकार, ही जी समजूत दोन्हीकडच्या नांवांनीं पक्की केली, तिचा जाच प्रौढ माणसांना, विशेषतः स्त्रियांना, अजूनहि सोसावा लागतो.

दुसरा जाच वैद्यांच्या वृत्तीचा. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें पुळ्या, डाग आणि वांग यांवर उपचार करीत बसणें हा जवळजवळ खुळेपणाच होय, असें स्पष्ट लिहिलें. मात्र स्त्रियांची आपल्या रूपाविषयींची काळजी कांहीं केल्या सुटत नाहीं, असें म्हणून त्यानें उपायहि दिला : राळ, निदान तितकीच तुरटी आणि थोडा मध. रोगाला क्षुल्लक म्हणावयाचें, रोग्याला हंसावयाचें आणि जातां जातां एक लेप हातावर ठेवावयाचा, ही रीत त्या काळापासून चालत आली आहे. पुढें चौथ्या-पांचव्या शतकांच्या संधींत मार्सेलस नांवाच्या ग्रंथकारानें एक अजब तोडगा नोंदविला. तुटता तारा दिसतांच फडक्यानें चेहरा पुसावा, म्हणजे ताऱ्याबरोबर पुळ्याहि गळून पडतात; उघड्या हातानें मात्र पुसूं नये, नाहींतर त्या हातावर येतात. आपण या तोडग्याला हंसतों. परंतु पुढच्या कित्येक उपायांपेक्षां तो बराच म्हणावा लागेल. त्यानें चेहऱ्याला इजा तरी होत नव्हती.

इजा करणारे उपाय बाजारांतून आले. अठराव्या शतकांत लंडन शहरांत गोलंड या नांवाचें एक लोशन अतोनात खपत असे. बदामाच्या दुधासारख्या त्या गोड वासाच्या पाण्यांत पाऱ्याचा एक जहाल क्षार मिसळलेला असे. तो लावला म्हणजे वरची कातडी सोलून निघे आणि खालची नवी, लालसर, तुकतुकीत त्वचा कांहीं दिवस दिसे. त्यालाच लोक गुण आला असें समजत. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टेन यांच्या 'पर्स्वेशन' या कादंबरींत एक रूपगर्विष्ठ उमराव या लोशनची शिफारस करतांना दाखविला आहे, यावरून त्याचा प्रसार केवढा होता तें कळतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तर गोऱ्या व नितळ कांतीसाठीं सोमलाच्या वड्या उघडपणें विकल्या जात आणि सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्या खात. आपल्याकडे सोमल हा शब्द उच्चारला तरी अंगावर कांटा येतो. पण वडीला सुबक वेष्टण आणि गोड जाहिरात मिळाली, कीं विषाचेंहि भय वाटेनासें होतें.

त्याच लंडनमध्यें या सुमारास शास्त्रीय अभ्यासाची सुरुवातहि झाली होती, हें विसरतां कामा नये. रॉबर्ट विलन या वैद्यानें त्वचेच्या रोगांचें पद्धतशीर वर्गीकरण हातीं घेतलें. त्याचा ग्रंथ १८०८ सालीं बाहेर पडला, आणि १८१२ मध्यें तो वारल्यावर त्याचा शिष्य टॉमस बेटमन यानें १८१३ सालीं तें काम पुरें केलें. १८४२ मध्यें बर्लिनच्या गुस्टाव्ह सिमोननें रोमकूपांत राहणारा एक सूक्ष्म कीटक दाखविला. १८९६ मध्यें उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानें अशा पुळ्यांतील जंतूंचें वर्णन केलें. निरीक्षणें वाढत होतीं, पण हातीं गुणकारी औषध नव्हतें. आणि जेथें औषध नसतें तेथें नव्या यंत्राचा मोह अनावर होतो.

१८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला. या किरणांनीं त्वचेंतील तैलग्रंथि आक्रसतात असें दिसून आल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोप-अमेरिकेंतील असंख्य तरुण-तरुणींचे चेहरे क्ष-किरणांखालीं धरले गेले. पुळ्या बसत, लोक संतुष्ट होत. परंतु किरणांचा हिशेब त्वचा फार उशिरां मांडते. कित्येक वर्षांनीं अशांपैकीं कांहींच्या गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीला कर्करोग झाल्याचें आढळूं लागलें, आणि मग ही पद्धति मागें पडली. ही गोष्ट भोंदूंच्या दुकानांत घडली नव्हती, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घडली होती. म्हणून तिच्यापासून शिकण्यासारखें अधिक आहे.

खरा उलगडा हळूहळू झाला. १९३५ सालीं शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोघा डॉक्टरांनीं सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी अनियमित होती आणि बीजकोशांवर अनेक लहान गांठी होत्या. असा बिघाड असलेल्या पुष्कळ स्त्रियांत चेहऱ्यावर लव आणि पुळ्याहि आढळतात, हें पुढें स्पष्ट झालें. १९४१ मध्यें हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकानें दाखविलें, कीं ज्या पुरुषांत पुरुष-अंतःस्रावाचा अभाव असतो त्यांना तारुण्यपीटिका होत नाहींत. तो अंतःस्राव बाहेरून दिला तर होऊं लागतात. हा अंतःस्राव थोड्या प्रमाणांत स्त्रियांच्या शरीरांतहि असतो. त्याच्या प्रेरणेनें तैलग्रंथि अधिक तेल सोडतात. रोमकूपाच्या तोंडाशीं मृत पेशी चिकटून बूच बसतें. आंत जंतु वाढतात आणि भोंवतीं दाह होतो. हे चारहि धागे एकत्र आले म्हणजे पुळी उठते.

एवढें समजलें म्हणजे दोन गोष्टी आपोआप उलगडतात. पहिली ही, कीं पुळी हा मळ नव्हे. रोमकूपाच्या तोंडाशीं जो काळा ठिपका दिसतो तो धुळीचा नसून त्वचेच्याच रंगद्रव्याचा असतो. तेव्हां खरखरीत फडक्यानें घांसून तो जावयाचा नाहीं, उलट दाह मात्र वाढेल. दुसरी ही, कीं आज वर दिसणाऱ्या पुळीचें बूच कित्येक आठवड्यांपूर्वींच बसलेलें असतें. म्हणून कोणत्याहि खऱ्या औषधाला गुण दाखविण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. तीन दिवसांत चेहरा नितळ करणारी वस्तु एकतर कातडी सोलीत असते, नाहींतर दाह दडपीत असते.

औषधांचा नवा काळ १९६० नंतर उजाडला. १९६५ सालीं कॅनडांतील पेस या डॉक्टरांनीं बेंझॉइल परॉक्साइड आणि गंधक यांच्या मलमाविषयीं लेख प्रसिद्ध केला. जंतूंना मारणारें हें औषध आजहि वापरांत आहे. १९६९ सालीं फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'अ' जीवनसत्त्वापासून होणारें आम्ल त्वचेवर लावलें असतां रोमकूपांतील बूच सुटतें, असें दाखविलें. आज जगांत या वर्गाचीं जीं मलमें वापरलीं जातात त्यांचें मूळ तेथें आहे.

परंतु या शोधाची एक बाजू सांगितल्याशिवाय पुढें जाणें योग्य होणार नाहीं. फिलाडेल्फियांत होम्सबर्ग नांवाचा तुरुंग होता. १९५१ पासून १९७४ पर्यंत तेथील कैद्यांच्या, आणि त्यांत कृष्णवर्णीयच फार, त्वचेवर क्लिगमन यांच्या देखरेखीखालीं नानाप्रकारचे प्रयोग झाले. मलमें, सुगंधी द्रव्यें, औषधें, इतकेंच काय पण डायॉक्सिनसारखें विषारी द्रव्यहि त्यांच्या अंगावर लावून पाहण्यांत आलें. कैदी थोड्या पैशांसाठीं तयार होत. आपल्याला नक्की काय लावलें जात आहे याची पुरती कल्पना त्यांना नसे. कित्येकांच्या अंगावर व्रण आणि मनावर भीति कायमची राहिली. २०२१ मध्यें क्लिगमन यांच्या विद्यापीठाच्या वैद्यकसंस्थेनें आणि २०२२ मध्यें त्या शहराच्या महापौरांनीं याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांपैकीं पुष्कळ जण तोंवर हयात नव्हते. आपल्या चेहऱ्याच्या नितळपणासाठीं दुसऱ्या कोणाची तरी पाठ उघडी पडली होती, याची जाण ठेवणें हें निदान आपल्या हातीं आहे.

आहाराच्या वादांतहि तेथील कैदी येतात. १९६९ मध्येंच याच मंडळींनीं ३० किशोरवयीन मुलें आणि ३५ कैदी यांना चॉकलेट देऊन पाहिलें आणि त्याचा पुळ्यांशीं संबंध नाहीं असा निर्वाळा दिला. तुलनेसाठीं जी दुसरी वडी दिली होती तिच्यांतहि साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तितकाच होता, हा दोष पुढें इतरांनीं दाखविला. २००७ सालीं ऑस्ट्रेलियांत ४३ तरुणांवर झालेल्या प्रयोगांत, रक्तांतील साखर हळूहळू वाढविणारा आहार बारा आठवडे घेतल्यानें पुळ्या कमी झाल्याचें दिसलें. म्हणून साखर आणि मैदा बेतानें खावा, एवढें म्हणण्यास आधार आहे. पण प्रत्येक पुळीसाठीं ताटांतील एकेक पदार्थ गुन्हेगार ठरविण्यास नाहीं.

प्रौढ वयाच्या पुळ्यांकडे शास्त्रज्ञांचें नीट लक्ष गेलें तें याच काळांत. १९७० मध्यें असें दाखविण्यांत आलें, कीं केंसांना चोपडलेलें तेलकट मलम कपाळावर उतरून तेथें बारीक पुरळ उठवितें. १९७२ मध्यें प्रौढ स्त्रियांच्या पुळ्यांचा संबंध प्रसाधनांशीं जोडला गेला. पुळी झांकण्यासाठीं लावलेला लेपच नवी पुळी आणीत होता. २००८ सालीं अमेरिकेंतील बर्मिंगहॅम येथील विद्यापीठाच्या परिसरांत वीस वर्षांवरील १,०१३ व्यक्तींना विचारून पाहणी झाली. विशींतल्या सुमारें निम्म्या स्त्रियांनीं, तिशींतल्या शेंकडा ३५ स्त्रियांनीं आणि चाळिशींतल्या शेंकडा २६ स्त्रियांनीं आपल्याला पुळ्यांचा त्रास असल्याचें सांगितलें. प्रत्येक वयोगटांत पुरुषांचें प्रमाण याहून कमी होतें. ज्या विकाराला जगानें यौवनाचें नांव दिलें, तो प्रौढ स्त्रियांच्या संसारांत असा बेमालूम मिसळून राहिला होता. २०२३ मध्यें इंग्लंड-वेल्समधील ४१० स्त्रियांवर झालेल्या चांचणींत स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या औषधाचा अशा पुळ्यांवर गुण येतो असें सिद्ध झालें. आणि तो गुण बारा आठवड्यांपेक्षां चोवीस आठवड्यांनीं अधिक दिसला. तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावयाचें औषध आहे, आणि गर्भारपणांत घ्यावयाचें नाहीं.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्याकडे दिवाळीच्या पहांटे अभ्यंगानंतर उटणें लावण्याची चाल आहे. चंदन, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद यांचा तो सुगंध कोणाला नको असेल ? वर्षांतून चार दिवस हलक्या हातानें लावलेल्या उटण्यानें बहुधा कांहीं बिघडत नाहीं. मात्र दाह झालेल्या पुळ्यांवर रोज उटणें घांसणें, लिंबू चोळणें, किंवा खाण्याचा सोडा लावणें हें त्वचेला छळणेंच होय. त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो. शादे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनीं १९२८ मध्येंच त्याला आम्लकवच म्हटलें होतें. तीव्र साबणानें आणि सोड्यानें तें कवच विस्कटतें.

याहून मोठें संकट औषधांच्या दुकानांतून घरांत आलें. स्टेरॉइड असलेलीं मलमें दोन दिवसांत दाह दडपतात आणि रंगहि उजळल्यासारखा वाटतो, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून तीं महिनोन् महिने लावलीं जातात. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसूं लागतात, आणि मलम थांबवितांच पुळ्या दुप्पट जोरानें उसळतात. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत भारतांतील अनेक रुग्णालयांतून चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासण्यांत आले. त्यांपैकीं ४३३ जण अशीं मलमें चेहऱ्याला लावीत होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि २०१८ च्या मार्चमध्यें सरकारनें अशीं अनेक मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा आदेश काढला. आणि पारा ? तोहि गेलेला नाहीं. केरळांतील डॉक्टरांनीं २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट रोगाचे २२ रुग्ण पाहिले. त्यांपैकीं १५ जणांत एक क्वचित् आढळणारा प्रकार दिसला, आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरेपणाचीं मलमें लावीत होते. गोलंडच्या लोशनला अडीचशें वर्षें होऊन गेलीं. पण पारा तोच आहे आणि मोहहि तोच.

श्रोतेहो, मग करावें काय ? इतिहासानें शिकविलेला पाठ थोडक्यांत असा आहे. चेहरा दिवसांतून दोनदां सौम्य द्रव्यानें धुवावा. अधिक वेळां नको, आणि घांसून नको. त्वचा तेलकट असली तरी धुतल्यावर हलकें, रोमकूप न बुजविणारें मलम लावावें, कारण कोरडी पडलेली त्वचा औषध सोसूं शकत नाहीं. दिवसा उन्हापासून रक्षण करणारें मलम लावावें; आपल्या सांवळ्या-गव्हाळ त्वचेवर पुळी गेली तरी तिचा काळसर डाग मागें राहतो, आणि ऊन त्याला गडद करतें. रात्रीं एकच औषध लावावें. तें 'अ' जीवनसत्त्वाच्या वर्गांतील असेल तर सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढें, प्रथम एक दिवसाआड. गर्भार असलेल्या किंवा तशी इच्छा असलेल्या स्त्रियांनीं हा वर्ग टाळावा. त्यांच्यासाठीं डॉक्टर निराळें औषध देतात. याच वर्गांतील पोटांत घ्यावयाचें औषध, आयसोट्रेटिनॉइन, १९८२ पासून जगभर दिलें जातें. तें गुणकारी आहे, पण गर्भाला भयंकर अपाय करतें. म्हणून कोणाच्या घरांत उरलेल्या गोळ्या कधींहि घेऊं नयेत. पुळ्या खोल आणि दुखऱ्या असतील, वण पडत असतील, पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केंस येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसहि लाजूं नये.

या यादींत नवें किंवा चमत्कारिक असें कांहीं नाहीं. आणि त्याच कारणानें ती पाळणें कठीण जातें. रोज नवी बाटली आणणें सोपें, एकच मलम तीन महिने लावीत राहणें अवघड. म्हणून घरांतल्या माणसांवरहि एक जबाबदारी येते. पस्तिशींतल्या बहिणीच्या किंवा वहिनीच्या गालावर पुळी दिसली, तर "हें काय आतां या वयांत ?" असें आपण सहज बोलून जातों. तेवढ्या एका वाक्यानें ती दुसऱ्या दिवशीं कोणतें मलम आणावयास निघेल, हें सांगवत नाहीं. तें वाक्य गिळलें आणि तिला बारा आठवडे स्वस्थपणें मिळूं दिले, तर औषधाला आपलें काम करण्यास पुरेसा अवकाश मिळेल.